कोठडीच्या दोन्ही बाजूंचा ओम पुरी

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत हिंदी चित्रपटांतल्या अष्टपैलू नटांवर आलेला लेख वाचला. संजीवकुमारच्या ‘नया दिन नई रात’मधल्या नऊ भूमिका, कमल हासनची चाची, सगळं आलं आहे. माहिती चांगली जमवली आहे, त्याबद्दल लेखकाचं कौतुक. पण मोजदाद सगळी दाढ्यामिशांची. किती वेश, किती वयं, किती बोली. ओम पुरींच्या वाट्याला त्यात चार ओळी आल्या. दोन त्यांच्या चेहऱ्यावरच्या देवीच्या व्रणांवर खर्च झाल्या आणि उरलेल्या दोन ओळींत नव्वदनंतर त्यांनी पाट्या टाकल्या असा निकाल देऊन फाइल बंद. हा तपास अर्धवट आहे, म्हणून हे पत्र.

मी सिनेमाचा अभ्यासक नाही. १९७९ साली मुंबई पोलीस दलात फौजदार म्हणून लागलो आणि सहायक आयुक्त होऊन निवृत्त झालो. समोरचा माणूस खरं बोलतोय की नाटक करतोय, हे ओळखण्याचाच पगार आयुष्यभर घेतला. त्या अनुभवावर सांगतो, पडद्यावर पोलीस दिसला की आम्ही खात्यातली माणसं आधी हसायला लागतो. टोपी चुकीची, सॅल्यूट चुकीचा, खांद्यावरचे तारे एका हुद्द्याचे आणि संवादातला हुद्दा दुसरा. आमच्या घरी तर सौ. सांगतात, “पोलिसांचा सिनेमा असेल तर तुम्ही गॅलरीत जाऊन बसा.”

ओम पुरींच्या बाबतीत मला गॅलरीत जावं लागलं नाही.

१९८३ साली ‘अर्धसत्य’ लागला, तेव्हा माझ्या बॅचचे तिघे जण साध्या कपड्यांत जाऊन बसलो होतो. सब-इन्स्पेक्टर अनंत वेलणकर. मध्यंतरापर्यंत आमच्यातला एकही जण काही बोलला नाही, आणि आमची बॅच गप्प बसणाऱ्यांतली नव्हे. नाशिकहून प्रशिक्षण संपवून आलेल्या पोराच्या अंगावर खाकी नुसती चढलेली असते. ती मुरायला दोन-तीन वर्षं जातात. मग माणूस खुर्चीत वेगळा बसतो, शिपायाकडे वेगळा बघतो आणि वरिष्ठ आत आले की न ठरवता पाठीचा कणा ताठ होतो. पडद्यावरच्या त्या माणसाच्या अंगात खाकी मुरलेली होती. अंबाल्याचा पंजाबी माणूस, दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून आणि पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकून आलेला. त्याने आमच्या मुंबईतल्या ठाण्यावरचा मराठी फौजदार असा उभा केला होता, की बाहेर पडताना माझ्या एका सहकाऱ्याने गंभीरपणे विचारलं, “हा खात्यात होता का रे आधी?”

त्या चित्रपटात वेलणकर जिवावर उदार होऊन एका डाकूला पकडतो आणि श्रेय दुसऱ्याच अधिकाऱ्याच्या नावावर जमा होतं. हे खात्यात कुणाच्या बाबतीत झालेलं नाही? माझ्याही बाबतीत झालं. ठाण्याचं नाव सांगत नाही, माणसाचं तर नाहीच. सांगायचं आहे ते पुढचं. तो अपमान गिळून आणि दारू पिऊन वेलणकर ठाण्यात येतो आणि कोठडीतल्या एका भुरट्या चोराला इतका मारतो, की तो मरतो. चोरीचा माल काय, तर एक किरकोळ रेडिओ. प्रेक्षागृहात त्याआधीच्या मारामाऱ्यांना शिट्ट्या पडत होत्या, इथे चिडीचूप. ओम पुरींनी त्या प्रसंगात राग दाखवलाच नाही असं माझं मत आहे. त्यांनी लाज दाखवली. वरून आलेल्या अपमानाचं ओझं खाली उतरवायला माणूस शोधायचा आणि सगळ्यात खाली, गजांच्या आत, एक सापडतोच. खात्याबाहेरच्या नटाला हे कुठून कळलं, हा प्रश्न मला आजही पडतो.

तसं काही प्रमाणात उत्तर माहीत आहे. कथा श्री. दा. पानवलकरांची, ‘सूर्य’. पानवलकर कस्टममध्ये नोकरी केलेले, म्हणजे सरकारी शिस्त आणि सरकारी घुसमट दोन्ही आतून पाहिलेले. पटकथा विजय तेंडुलकरांची. दिलीप चित्र्यांची चक्रव्यूहावरची कविता त्यात आहे. दिग्दर्शक गोविंद निहलानी. समोर स्मिता पाटील, सदाशिव अमरापूरकर, शफी इनामदार, बापाच्या भूमिकेत अमरीश पुरी. मराठी लेखणीची एवढी शिबंदी पाठीशी असली तरी कागदावरचा माणूस उभा शेवटी नटालाच करावा लागतो. कवितेचाच प्रसंग घ्या. वेलणकर ते पुस्तक हातात घेतो आणि सहज, जरा थट्टेच्या सुरातच वाचायला लागतो. वाचता वाचता थट्टा गळून पडते. आवाज चढत नाही, उलट खाली जातो. शेवटच्या ओळीपर्यंत येताना त्या माणसाला कळलेलं असतं, की ही कविता आपल्यावरच आहे. एवढ्या वेळात चेहऱ्यावरची एक शीर उगाच हललेली नाही. आपल्या लेखकाने ज्या व्रणांवर दोन ओळी घातल्या, त्याच चेहऱ्यावर हे सगळं घडतं. गुळगुळीत चेहऱ्यावर ते इतकं दिसलं असतं का, मला शंका आहे.

आता त्याच्या तीन वर्षं आधीचा ‘आक्रोश’ बघा. दिग्दर्शक तेच, पटकथा तेंडुलकरांचीच. पण इथे हा माणूस गजांच्या पलीकडे. लहान्या भिकू हा आदिवासी, बायकोच्या खुनाचा आरोपी. नसीरुद्दीन शाहांनी केलेला वकील त्याला बोलतं करायला जीव काढतो आणि हा तोंड उघडत नाही. जवळजवळ सगळा चित्रपट हा नट मुका.

न बोलणारे आरोपी आम्ही पुष्कळ पाहिले. त्यांचे दोन प्रकार असतात. पहिला सराईत. त्याला माहीत असतं, की चोवीस तासांत कोर्टासमोर उभं करायचं आहे आणि वकील येतोच आहे. तो गप्प असतो, पण त्याची नजर फिरत असते. दार, खिडकी, कोण आलं, कोण गेलं, सगळं टिपत असतो. दुसऱ्या प्रकारचा माणूस बोलत नाही, कारण बोललो तर घरी जे कुणी उरलं आहे त्यांचं काय होईल हे त्याला पक्कं ठाऊक असतं. त्याची नजर जमिनीवर असते आणि ती काहीच टिपत नसते. तुम्ही चहा पुढे केलात तरी तो तुमच्याकडे बघत नाही. लहान्या हा दुसऱ्या प्रकारचा आहे आणि ओम पुरींनी तो पहिल्या दृश्यापासून तसाच बसवला आहे. पहिल्यांदा पाहताना वाटतं, हा अपराधी असल्यामुळे गप्प आहे. दुसऱ्यांदा पाहिलं की कळतं, नजरेत सगळं आधीच सांगून टाकलेलं होतं. शेवटी बापाच्या अंत्यसंस्कारासाठी त्याला बंदोबस्तात आणतात, तेव्हा तो कुऱ्हाड उचलून स्वतःच्या बहिणीलाच मारतो. बायकोचं जे झालं ते तिचं होऊ नये म्हणून. मग तो किंचाळतो. तेवढाच त्याचा संवाद म्हणायचा. या भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअरचं सहायक अभिनेत्याचं पारितोषिक मिळालं. सहायक! असो. आमच्या खात्यातही पदकं अशीच वाटतात.

आणि याच्याही मागे गेलात तर आपल्या लेखात अजिबात नसलेली गोष्ट सापडते. ओम पुरींचा पडद्यावरचा पहिला महत्त्वाचा अवतार हिंदी नव्हे, मराठी आहे. १९७६चा ‘घाशीराम कोतवाल’. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या पोरांनी ‘युक्त’ नावाची सहकारी संस्था काढून तो केला. के. हरिहरन, मणी कौल अशी मंडळी त्यात होती. मोहन आगाशे नाना फडणवीस आणि ओम पुरी घाशीराम. मूळ नाटक अर्थात तेंडुलकरांचं.

कोतवाल म्हणजे पुण्याचा त्या काळचा पोलीसप्रमुख. म्हणजे या माणसाची पहिलीच नेमणूक आमच्या खात्यात झाली! इतिहासातल्या घाशीरामाचा शेवट १७९१ साली झाला, तोही कोठडीतल्या मृत्यूंवरून. बाहेरगावच्या ब्राह्मणांना पकडून लहानशा जागेत कोंडलं, त्यातले बरेच जण गुदमरून मेले, शहर उसळलं आणि ज्या नानांनी त्याला कोतवाल केलं त्यांनी त्याला लोकांच्या हवाली करून टाकलं. दगडांनी ठेचला त्याला. आता हे वेलणकरशेजारी ठेवून पाहा. तोच कोठडीतला मृत्यू, तोच वरचा वरदहस्त, आणि वरच्याने हात काढून घेतला की तीच गत. मधे लहान्या, जो त्याच यंत्राच्या आत सापडलेला आहे. कोतवाल, आरोपी, फौजदार, तिन्ही तेंडुलकरांचे आणि सात-आठ वर्षांत तिन्ही एकाच नटाने केलेले. कोठडीचं दार आतून आणि बाहेरून अशा दोन्ही बाजूंनी दाखवणारा दुसरा नट मला माहीत नाही. माझ्या लेखी अष्टपैलू तो हा. दाढी न लावता.

जाता जाता एक गंमत. सत्यजित राय यांनी १९८१मध्ये दूरदर्शनसाठी प्रेमचंदांच्या कथेवर ‘सद्गती’ केला. त्यात ओम पुरी दुखी चांभार आहेत. आजारी अंगाने पंडिताच्या दारात लाकडाचा ओंडका फोडता फोडता मरतात. तो पंडित केला आहे मोहन आगाशे यांनी आणि पंडिताचं नाव काय, तर घासीराम. पुण्यात नाना आणि घाशीराम, पाच वर्षांनी भलत्याच गावात पुन्हा समोरासमोर, आणि नाव इकडचं तिकडे. हे ठरवून कुणी केलं नसणार, पण मला फार आवडतं.

‘गांधी’मधली त्यांची भूमिका घड्याळ लावलं तर काही मिनिटांची. कलकत्त्यात उपोषणाला बसलेल्या गांधींच्या अंगावर पोळी फेकणारा दंगलखोर. लहान मुलाला मारल्याचं कबूल करतो आणि आपण नरकात जाणार म्हणतो. कबुलीजबाब लिहून घेणं हे आमचं रोजचं काम होतं, म्हणून सांगतो, खरी कबुली देणारा माणूस रडत नाही. तो चिडलेला असतो, ऐकणाऱ्यावरच. ती पोळी फेकण्यात तो राग आहे. बेन किंग्जलींना ऑस्कर मिळालं, ते मिळायलाच हवं होतं. पण त्या प्रसंगात मी बघतो ते दाराशी उभ्या असलेल्या माणसाकडे.

‘तमस’मधला नत्थू पाच रुपयांसाठी डुक्कर मारतो आणि त्या डुकरावरून शहर पेटतं. ‘मिर्च मसाला’त अबू मियाँ हा मिरचीच्या कारखान्याचा म्हातारा चौकीदार. सुभेदाराचे शिपाई दारात आले तरी फाटक उघडत नाही. ही भूमिका केली तेव्हा नट पस्तिशीचा होता, हे सांगूनही लोकांना पटत नाही. मला त्या चौकीदाराबद्दल जरा जास्त आपुलकी आहे. वरून फोन आल्यावर फाटक न उघडणारी माणसं मला नोकरीत फार कमी भेटली. ‘आरोहण’साठी बंगालमधला बटईदार शेतकरी करून त्यांनी राष्ट्रीय पुरस्कार घेतला आणि लगेच पुढच्या वर्षीच्या चित्रपटांत ‘अर्धसत्य’साठी परत.

आता पाट्या टाकण्याचा मुद्दा. लेखकाने नव्वदची रेषा ओढली आहे. पण ज्या १९८३ साली वेलणकर झाला, त्याच साली ‘जाने भी दो यारों’ आला. त्यातला आहुजा बिल्डर आठवा. दारूच्या तारेत रस्त्यावर पडलेल्या शवपेटीला तो बंद पडलेली मोटार समजतो, आतल्या मृतदेहाशी प्रेमाने गप्पा मारतो आणि गाडी ओढून न्यायची तयारी करतो. शेवटच्या महाभारतात गॉगल लावलेला भीम होऊन धिंगाणा घालतो. एका वर्षात वेलणकर आणि आहुजा! दोघेही दारू पितात, बरं का. एकाची दारू बघवत नाही आणि दुसऱ्याची बघताना हसून पोट दुखतं. त्याच्याही आदल्या वर्षी हे गृहस्थ ‘डिस्को डान्सर’मध्ये मॅनेजर होते. म्हणजे धंदेवाईक सिनेमा नव्वदनंतर अंगावर आला आणि आधी सगळी तपश्चर्या होती, हे खरं नाही. दोन्ही पहिल्यापासून शेजारी शेजारी चाललं होतं. आणि टीव्हीवरच्या ‘कक्काजी कहिन’मधला पान चघळणारा पुढारी काय गंभीर होता? त्याच सुमाराला ‘भारत एक खोज’मध्ये हाच माणूस औरंगजेब झाला, सम्राट अशोक झाला, आणि निवेदनाचा तो खर्जातला आवाजही त्यांचाच. रविवारी सकाळी बंदोबस्त नसला तर मी ती मालिका चुकवत नसे. आवाजाने माणूस अर्धा ओळखता येतो, ही खात्यातली जुनी समजूत. या आवाजाने मात्र आम्हाला दरवेळी चकवलं.

‘चाची ४२०’मधला बनवारीलाल हा आमच्या सौं.चा आवडता. त्यांच्या मते ओम पुरींचं सर्वात उत्तम काम तेच. त्या चाचीच्या मागे लागलेला, सगळं दिसत असून कुणी विश्वास न ठेवलेला मुनीम. मी वाद घालत नाही. नीट पाहिलं तर तो बिचारा त्या घरातला एकमेव चांगला तपास अधिकारी आहे. पुरावा त्याच्या डोळ्यांसमोर आहे आणि पंच मिळत नाहीत. ‘हेरा फेरी’तला खडकसिंग आपण उसने दिलेले पैसे बहिणीच्या लग्नासाठी परत मागत फिरतो. लोक हसतात, पण त्याची मागणी कायदेशीर आहे.

वाईट चित्रपट त्यांनी केले का? केले, पुष्कळ केले. काही तर दहा मिनिटांत बंद करावेत असे. समांतर सिनेमातून घर चालत नव्हतं हे उघड आहे आणि नट झाला तरी त्याला विजेचं बिल येतं. आम्हीसुद्धा कुणाकुणाच्या घरच्या लग्नात बंदोबस्ताला उभे राहिलो आहोत. त्यामुळे केलेला तपास खोटा ठरत नाही. शिवाय याच ‘पाट्या टाकण्याच्या’ काळात ‘द्रोहकाल’ आला. दहशतवाद्यांपुढे आतून मोडत जाणारा पोलीस अधिकारी. तोही निहलानींचाच. याच काळात ‘माचिस’ आला. ‘ईस्ट इज ईस्ट’ आला, त्यात इंग्लंडमधल्या सॅलफर्डला मासे-बटाट्याचं दुकान चालवणारा पाकिस्तानी बाप, जॉर्ज खान. बायको इंग्रज, मुलं कुणाची ऐकत नाहीत आणि बापाला वाटतं आपलं घर अजून आपल्या गावातच आहे. तो बायकोवर हात टाकतो तेव्हा त्याचा संताप येतो आणि पुढच्याच प्रसंगात त्याची कीव येते. ब्रिटिश अकादमीच्या पारितोषिकासाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्यांत त्यांचं नामांकन होतं. हॉलिवूडच्या ‘चार्ली विल्सन्स वॉर’मध्ये त्यांनी जनरल झिया उल हक केला. लंडनच्या राणीने मानाची पदवी दिली, भारत सरकारची पद्मश्री १९९०ची. लेखात यातलं काहीही नाही.

पोलिसांच्या भूमिकांचीच सेवापुस्तिका मांडली तरी हे प्रकरण पुरेल. १९७६ला कोतवाल. १९८३ला फौजदार. १९९०च्या ‘घायल’मध्ये एसीपी जो डिसूझा. ‘द्रोहकाल’मध्ये डीसीपी. २००४च्या ‘देव’मध्ये मनात जातीय विष असलेला तेजिंदर खोसला, आणि तो इतका गोड बोलणारा की माझ्या अंगावर काटा आला. असे गोड बोलणारे मी पाहिले आहेत. २०१२च्या ‘अग्निपथ’मध्ये आयुक्त गायतोंडे. फौजदारापासून आयुक्तापर्यंत गेला पठ्ठ्या, मी सहायक आयुक्तावर थांबलो. यातला एकही अधिकारी दुसऱ्यासारखा चालत नाही. डिसूझा आरोपीकडे माणूस म्हणून बघतो, खोसला त्याच्याकडे जमात म्हणून बघतो. गणवेश एकच.

६ जानेवारी २०१७ रोजी अंधेरीतल्या घरी ते गेले. वय सहासष्ट. त्या दिवशी वाहिन्यांवर दिवसभर काय काय चाललं होतं, त्याबद्दल न लिहिलेलं बरं.

संपादकसाहेब, दोन मागण्या आहेत. एक, मराठी चित्रपटांचे महोत्सव भरवणाऱ्या मंडळींना आपण आपल्या स्तंभातून सुचवावं, की ‘घाशीराम कोतवाल’, ‘आक्रोश’ आणि ‘अर्धसत्य’ हे तीन चित्रपट एका दिवसात, याच क्रमाने दाखवावेत. तेंडुलकरांवर चर्चासत्रं खूप होतात, पण त्यांची तीन माणसं एकाच अंगात वागवणारा नट पाहिल्याशिवाय ती पुरी होत नाहीत. प्रशिक्षण घेणाऱ्या नव्या फौजदारांनाही हे दाखवावेत असं माझं मत आहे, पण ती शिफारस योग्य मार्गाने खात्याकडे पाठवली आहे.

दोन, लेखातल्या छायाचित्राखाली ‘इन्स्पेक्टर वेलणकर’ असं छापलं आहे. वेलणकर सब-इन्स्पेक्टर आहे. इन्स्पेक्टर आहेत ते त्याचे वरिष्ठ हैदर अली, शफी इनामदारांनी केलेले. त्या चित्रपटाची सगळी घुसमट या एका पायरीच्या अंतरावर उभी आहे, तेव्हा पुढच्या रविवारी दुरुस्ती छापावी ही विनंती.

आपला,
एक निवृत्त पोलीस अधिकारी,
डोंबिवली (पूर्व)